पाणी कुठं मुरत होतं? परतूर–जालना सेक्शनवरच्या एका जुन्या अल्को इंजिनाचं प्रकरण

२०१६ च्या उन्हाळ्यात पूर्णा–मनमाड मार्गावरची दिवसाची एक पॅसेंजर रोज उशिरा येत होती. उशीर व्हायची जागासुद्धा ठरलेली. सेलूपर्यंत गाडी वेळेवर असायची, सातोन्यापर्यंत पाच-सात मिनिटं इकडंतिकडं, आणि परतूर सोडलं की रांजणीच्या अलीकडं-पलीकडं ‘हॉट इंजिन’ची घंटी. मग लोको पायलटनं नॉच (इंजिनाच्या ताकदीचे आठ टप्पे) उतरवायचे, गाडीनं रांगायचं, रांजणीला लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, थांबायचं आणि जालन्याला अर्धा-पाऊण तास उशिरानं पोचायचं. हा सगळा पट्टा तेव्हा एकेरी मार्गाचा. एक गाडी अडली की समोरून येणारीला पुढच्या स्टेशनात बसवून ठेवावं लागे, आणि त्या गाडीतल्या लोकांना आपण कशासाठी बसलोय याचा पत्ता नसे.

मी तेव्हा त्या भागात लोको इन्स्पेक्टर होतो. लोको पायलटांबरोबर इंजिनात बसायचं, त्यांचं काम बघायचं, अडचण समजून घेऊन वर कळवायची, हे माझं काम. प्रकरण माझ्या हातात आलं तेव्हा त्यावर निदान लिहूनच आलं होतं: जुनं इंजिन. गाड्या चालवणाऱ्या कंट्रोल ऑफिसचं तेच मत, स्टेशनवाल्यांचं तेच, प्रवाशांचं तर विचारूच नका. कुणालाच त्यात काही शोधण्यासारखं वाटत नव्हतं. मला मात्र एक गोष्ट खटकत होती. इंजिन जुनं असेल तर ते मनमाडलाही जुनं आणि परभणीलाही जुनं. मग ते नेमकं परतूरच्या पुढंच म्हातारं कसं होतं?

इंजिन

अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी, म्हणजे अल्को. तिच्या आराखड्यावरचं डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन भारतात १९६२ पासून आलं, आणि वाराणसीच्या कारखान्यातून पहिलं इंजिन जानेवारी १९६४ मध्ये बाहेर पडलं. २,६०० अश्वशक्ती, १६ सिलिंडर, वजन ११२ टनांच्या वर, वेग ताशी १२०. नव्वदच्या दशकाअखेरपर्यंत अशी अडीच हजारांहून जास्त इंजिनं बनली. ज्यांनी मराठवाड्यात ब्रॉडगेज झाल्यावर रेल्वे पाहिली त्यांच्या डोळ्यांपुढं डिझेल इंजिन म्हटलं की हेच येतं: गाडी हलताना काळ्या धुराचा लोट आणि टर्बोची ती चढत जाणारी शीळ.

आमचं इंजिन मूळचं डब्ल्यूडीएम-२. पुढं पटियाळ्याच्या कारखान्यात त्याची पुनर्बांधणी होऊन ते ३,१०० अश्वशक्तीचं डब्ल्यूडीएम-३ए झालं होतं. म्हणजे सांगाडा सत्तरच्या दशकातला आणि आतली बरीच यंत्रं त्याच्या निम्म्या वयाची. वय नेमकं कशाचं मोजायचं, हाही एक प्रश्नच. पण शिरस्ता असा होता की ताजी, ताकदीची इंजिनं मेल-एक्स्प्रेसला आणि मालगाड्यांना जायची. पॅसेंजरच्या वाट्याला उरलेलं यायचं. त्यात गैर काही नाही. मात्र पॅसेंजरचं काम हलकं असतं ही समजूत चुकीची. दर आठ-दहा किलोमीटरला थांबा, प्रत्येक थांब्यावरून बारा डबे ओढून पुन्हा वेग घ्यायचा, आणि मध्ये क्रॉसिंगसाठी वीस-वीस मिनिटं उन्हात उभं राहायचं. एक्स्प्रेसचं इंजिन एकदा धावायला लागलं की त्याला वारा तरी लागतो.

मार्ग

ही लाइन निजामाच्या काळातली. हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे या नावानं हैदराबाद ते मनमाड मीटरगेज मार्ग १८९९ ते १९०१ च्या दरम्यान टप्प्याटप्प्यानं सुरू झाला. तो काळ १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळाचा. मराठवाड्यातली रेल्वे आणि पाण्याची टंचाई यांची गाठ पहिल्या दिवसापासूनची आहे, ती अशी. वाफेच्या इंजिनांना तर पाण्यावाचून पाऊलही टाकता येत नसे. त्यामुळं स्टेशन कुठं असावं याचा एक निकष पाणी कुठं मिळेल हाच असे. १९६६ साली हा भाग दक्षिण मध्य रेल्वेत गेला, नव्वदच्या दशकात मनमाडकडून मीटरगेज उखडून ब्रॉडगेज आलं आणि २००३ साली नांदेड विभाग झाला. काचीगुड्याहून मनमाडला जाणारी मीटरगेजची अजिंठा एक्स्प्रेस आठवणारे लोक अजून पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत भेटतात. गाडीचं नाव आजही आहे, गेज तेवढं गेलं.

डिझेल आल्यावर पाण्याचा प्रश्न मिटला असं सगळ्यांनी धरून चाललं. तो मिटला नव्हता. दिसेनासा झाला होता.

चढाचं म्हणाल तर नांदेड समुद्रसपाटीपासून साधारण ३६० मीटरवर, जालना ५०० च्या आसपास आणि औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) ५६० च्या पुढं. दुधनेच्या खोऱ्यानं वर सरकत जाणारा हा मार्ग. घाट नाही, डोळ्यांना चढ जाणवतही नाही, पण पश्चिमेकडं जाणाऱ्या गाडीला तो सतत लागतो.

इंजिन थंड कसं राहतं

इथं थोडं थांबून सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही.

या इंजिनात १,२०० लिटरच्या आसपास पाणी खेळतं. इंजिनावरच चालणारा पंप ते पाणी ब्लॉकमधून, सिलिंडर हेडमधून, टर्बोभोवती आणि आफ्टरकूलरमधून (टर्बोनं दाबलेली हवा गार करतो तो) फिरवतो, मग रेडिएटरला नेतो. छतावरचा मोठा पंखा रेडिएटरमधून हवा ओढतो. गार झालेलं पाणी पुढं वंगणाचं तेलही गार करतं. पंखा बेल्टवर चालत नाही. इंजिनाच्या शाफ्टवरून गिअरबॉक्स आणि एडी करंट क्लचमार्फत (विजेच्या चुंबकत्वानं जोड धरणारा क्लच) चालतो. पाणी एका ठरावीक तापमानाला पोचलं की थर्मोस्टॅटचा स्विच क्लचला करंट देतो, पंखा सावकाश फिरतो; आणखी तापलं की दुसरा स्विच, पंखा जोरात. त्याउपर पाणी ८५–९० अंशांपुढं गेलं की तिसरा स्विच घंटी वाजवतो आणि लाल दिवा लावतो. घंटीनं इंजिन बंद पडत नाही, पुढचा निर्णय लोको पायलटचा. पाण्याची पातळी फार खाली गेली तर मात्र वेगळा एक स्विच इंजिन थेट बंद करतो, तिथं कुणाला विचारणं नाही.

यात एक मेख आहे. पंखा आणि पंप दोन्ही इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात. आयडलला इंजिन मिनिटाला ४०० च्या आसपास फेऱ्या घेतं, आठव्या नॉचला १,०००. म्हणजे तापलेलं इंजिन आयडलवर आणून ‘गार होऊ द्या’ म्हणणं हे उलटंच. पाणीही मंद फिरतं, वाराही मंद. योग्य रीत अशी की जनरेटर फील्डचा स्विच बंद करायचा, म्हणजे चाकांवर जोर जात नाही, आणि मग नॉच चौथ्यापर्यंत वर न्यायचा. ओझं नाही, पण पंखा आणि पंप जोरात.

पहिला तपास: बाहेरून

पंखा फिरत नसेल ही पहिली शंका कुणालाही येईल. मी गाडीबरोबर गेलो तेव्हा तो व्यवस्थित फिरत होता, दोन्ही टप्प्यांवर. पाण्याचं थर्मामीटर आणि घंटीचा स्विच यांच्यात मेळ होता. घंटी खोटं बोलत नव्हती.

मग रेडिएटर. या पट्ट्यातली एक खास अडचण बाहेरून आलेल्या मेकॅनिकला चटकन सुचत नाही: कापूस. परभणी, मानवत, सेलू ही कापसाची गावं. हंगामात जिनिंगच्या बाजूनं आणि भरलेल्या गाड्यांतून तंतू उडत राहतात, पंखा ते ओढतो, रेडिएटरच्या पत्र्यांवर तेलाचा पातळ थर असतोच, त्यावर तंतू चिकटतो आणि त्यावर धूळ बसते. मे महिन्यात हंगाम संपलेला असला तरी डिसेंबरचा तंतू तिथंच होता. बोटानं खरवडला तर नमदा निघाल्यासारखा थर निघाला. मनमाडला इंजिन धुवून घेतलं, आतून बाहेर जोराचं पाणी मारून. तापमान दोन-तीन अंशांनी उतरलं. आठवडा बरा गेला. सगळ्यांना वाटलं, सुटलं.

नाही सुटलं. घंटी परत रांजणीला.

परतूरला क्रॉसिंग असे तेव्हा गाडी आयडलवर उभी राहायची. तिथं चौथ्या नॉचची पद्धत पाळायला सांगितली. त्यानंही फरक पडला, पण ती पळवाट होती. नुसतं आयडलला उभं राहून असं इंजिन तासाला वीस-पंचवीस लिटर डिझेल पितं. चौथ्या नॉचला त्याहून कितीतरी जास्त. रोज अशी उभी करायची म्हटलं तर हिशेब विचारणारे होतेच.

दरम्यान घरच्या शेडात, म्हणजे इंजिनाची देखभाल ज्या शेडाकडं होती तिथं, इंजिन दोनदा तपासून आलं होतं. शेराही तोच: लोड बॉक्सवर (उभ्या इंजिनावर कृत्रिम ओझं टाकायचं यंत्र) पूर्ण लोड घेतला, तापमान ठीक. शेडवाले खोटं लिहीत नव्हते, हे मी तेव्हाही म्हणत होतो. गणित साधं आहे. शेडात चाचणी रात्री झाली, हवा २७ अंश धरा. पाणी ८५ अंशांवर असताना फरक ५८ अंशांचा. परतूरला दुपारी हवा ४४ अंश. फरक ४१ चा. तेच रेडिएटर, तोच पंखा, पण उष्णता फेकायची ताकद जवळपास तीस टक्क्यांनी कमी. ज्या इंजिनात थोडी कसर शिल्लक आहे ते रात्री पास होणारच आणि दुपारी नापास होणारच. परतूरच्या पुढंच का, याचं निम्मं उत्तर इथं मिळालं: चढ, दुपार, आणि क्रॉसिंगला आयडलवर तापून राहिलेलं इंजिन. कसर मात्र कशाची, हे अजून कळलं नव्हतं.

पाणी

ते असिस्टंट लोको पायलटनं सांगितलं. पूर्णेचा पोरगा, कामाला चोख. मी त्याला तापमानाबद्दल विचारत होतो आणि तो सारखा पाण्यावर येत होता.

“साहेब, तापतंय ते तापू द्या. हे पाणी लई पितंय, त्याचं कुणी बोलंना.”

“किती?”

“रोजचं सांगू का? परभणीला टाकतो, जालन्याला टाकतो. कधी सेलूलाबी. नाही टाकलं तर बंद पडतंय. मग कोण ऐकून घेणार?”

लोको पायलट वयानं मोठे, लॉबीत, म्हणजे ड्यूटीची हजेरी लावायच्या ऑफिसात, सगळे त्यांना मामा म्हणत. ते खिडकीतून बाहेर बघतच बोलले, “लॉगबुकात लिवतोय की आम्ही. वाचतंय कोण?”

लॉगबुक मागं मागं चाळत गेलो. खरंच लिहिलेलं होतं. ‘हॉट इंजिन’च्या शेऱ्याखाली, लहान अक्षरात, दर दोन-तीन दिवसाला: पाणी टाकले. शेडात लॉगबुक वाचणाऱ्याची नजर तक्रारीवर जाते. ‘पाणी टाकले’ ही तक्रार नसते, ते केलेलं काम असतं. तक्रार सुटलेली दिसते आणि माणूस पान उलटतो.

पण बंद यंत्रणेतलं पाणी जातं कुठं? आणि त्याच्या जागी येतंय ते पाणी कुठलं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी मिळालं, कारण ते डोळ्यांसमोर होतं. शेडात इंजिनात भरतात ते पाणी क्षार काढलेलं असतं, त्यात गंज रोखणारं रसायन घातलेलं असतं. पूर्वी क्रोमेट घालायचे तेव्हा पाणी पिवळं दिसायचं. ते विषारी म्हणून बंद झालं आणि नायट्राइट-बोरेटची मिश्रणं आली. लाइनवर, पाणी संपत आलं की बादलीनं टाकतात ते मात्र स्टेशनात असेल ते. आणि मराठवाड्यात स्टेशनात असतं ते बोअरचं. काळ्या बेसाल्टच्या फटींतून वर येणारं, खोल गेलं की आणखी जड. त्या वर्षी तर बोअरही आटले होते. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यायची वेळ आली, पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभर त्या गाडीचे फोटो छापून आले. आमच्या लाइनवर त्याच महिन्यात लहान स्टेशनांना टँकरचं पाणी येत होतं.

एका स्टेशनवर असिस्टंट बादली घेऊन गेला तेव्हा मी बरोबर होतो. प्लॅटफॉर्मच्या नळाला बाया घागरी घेऊन उभ्या. गाडीतले लोक बाटल्या घेऊन उतरलेले. स्टेशन मास्तरांनी त्याला बघितलं आणि हातच जोडले. “अरे बाबा, माणसाला प्यायला नाही, अन् तुला इंजिनाला द्यायचं? पुढच्या स्टेशनात बघ.” एक म्हातारी म्हणाली, “घेऊ द्या त्याला. नाय तर इथंच बसंल हे.” तिचं गणित पक्कं होतं. चार बादल्या मिळाल्या.

रेडिएटरच्या ड्रेनमधून मी बाटलीभर पाणी काढलं. रंग नाही, वास नाही, पिण्याच्या पाण्यासारखं स्वच्छ. स्वच्छ दिसणं हीच वाईट खूण होती. रनिंग रूमच्या (लोको पायलटांच्या विश्रांतिगृहाच्या) स्वयंपाक्याकडून स्टीलची वाटी घेतली, थोडं पाणी गॅसवर आटवलं. तळाशी पांढरी खडबडीत चकती राहिली, नखानं निघेना. बोअरच्या पाण्यावर चार वर्षं चाललेल्या गिझरचं कॉइल ज्यांनी उघडून पाहिलंय त्यांना आत काय झालं असेल हे वेगळं सांगायला नको. क्षाराचा थर उष्णता अडवतो. धातू तापतो, पाण्याला ती उष्णता पूर्ण मिळत नाही, रेडिएटरच्या नळ्यांतही तोच थर, तिथं पाण्यातली उष्णता हवेत जात नाही. बाहेरून कापूस, आतून चुना. नमुना शेडच्या प्रयोगशाळेत पाठवला; रसायनाचं प्रमाण असायला हवं त्याच्या आसपासही नव्हतं.

गळती

आता पहिला प्रश्न. खाली कुठं थेंब नाही. वॉटर पंपाचं सील गळत असेल तर पंपाखाली ओल दिसते, तिथं कोरडं. होजेस कोरडे. वंगणाच्या तेलात पाणी उतरलं तर तेल दुधाळ होतं. तेल बरं होतं.

इंजिनातल्या एक्स्प्रेसरच्या (ब्रेकसाठी हवा दाबणाऱ्या आणि ओढणाऱ्या यंत्राच्या) खोलीत पाण्याच्या पातळीची काच असते. रांजणीच्या चढाला, आठव्या नॉचला, असिस्टंटला मी टॉर्च घेऊन तिथं उभं केलं. तो परत आला तो पळतच. “साहेब, उकळतंय.” जाऊन पाहिलं. उकळत नव्हतं, थर्मामीटर नव्वदच्याही खाली होतं. काचेतून बुडबुडे वर येत होते, एका लयीत, आणि नॉच उतरवला की विरळ होत होते. उकळी अशी नॉचबरोबर कमीजास्त होत नाही.

तो धूर होता. कुठल्यातरी सिलिंडरच्या हेडला बारीक तडा गेला होता आणि स्फोटाच्या दाबानं जळलेला वायू पाण्यात शिरत होता. वायू शिरला की पाणी टाकीच्या ओव्हरफ्लोनं बाहेर ढकललं जातं, धावत्या गाडीत ते वाफ आणि शिंतोडे होऊन उडून जातं, मागं ओल राहत नाही. शिवाय पाण्यात वायूचे फुगे असले की पंप पाणी नीट ढकलू शकत नाही, आणि इंजिन आणखी तापतं. लोड बॉक्सवरच्या थोड्या वेळात पातळी दिसण्याइतकी खाली येत नाही, त्यामुळं शेडात ते सापडलं नाही.

सोळापैकी कुठला, हे मनमाडला शोधलं. इंजिन उभं, लोड नाही, नॉच पाचवा. एक माणूस काचेपाशी, दुसरा इंजिनाच्या बाजूनं. एकेका सिलिंडरचा इंधनपंप बंद करायचा, थोडं थांबायचं, पुन्हा चालू करायचा. ज्या सिलिंडरचं इंधन बंद केल्यावर बुडबुडे थांबतील तो दोषी. उजवी बाजू पूर्ण झाली, काही नाही. डावीकडं सहाव्याला हात घातला आणि काचेपाशी उभा असलेला ओरडला. खात्रीसाठी पुन्हा चालू, पुन्हा बुडबुडे. पुन्हा बंद, पुन्हा शांत.

तो पंप बंदच ठेवून गाडी पंधरा सिलिंडरवर परत आणली. एक सूचना ठळक दिली: इंजिन बंद करायचं नाही. तडा गेलेल्या हेडचं इंजिन थांबलं की पाणी उलट सिलिंडरमध्ये उतरू शकतं. नंतर कुणी नकळत स्टार्ट केलं तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन दिवसांनी ते घरच्या शेडात पोचलं, हेड बदललं गेलं. आफ्टरकूलर उघडला तेव्हा त्याच्या नळ्यांत जो थर निघाला त्याचा फोटो मला पाठवला. वाटीतल्या चकतीचाच रंग.

आधी काय झालं

यावर आमच्यात बराच वाद झाला. हेड आधी तडकलं आणि मग पाणी जायला लागलं, की क्षारामुळं तापून हेड तडकलं? माझं मत दुसऱ्या बाजूचं. लॉगबुकात ‘पाणी टाकले’चे तुरळक शेरे हिवाळ्यापासून होते, घंटी मार्चनंतर सुरू झाली. म्हणजे आधी कुठंतरी लहान गळती असावी, होजची असेल, सीलची असेल, ती दुरुस्तही झाली असेल. तेवढ्या काळात बोअरचं पाणी आत गेलं, रसायन पातळ झालं, थर बसला, हेड जास्त तापायला लागलं, तडकलं. मग खरी गळती सुरू झाली आणि बादल्या वाढल्या. प्रत्येक बादली इंजिनाला त्या दिवशी पोचवत होती आणि पुढच्या महिन्याचं नुकसान आत भरत होती. असिस्टंटला दोष कसा द्यायचा? त्यानं पाणी टाकलं नसतं तर गाडी रानात उभी राहिली असती.

शेडातले एक अनुभवी सीनियर सेक्शन इंजिनिअर माझ्याशी सहमत नव्हते. त्यांचं म्हणणं, हेड काय, तडकतातच. या इंजिनांत ते नवं नाही. आणि मोठं म्हणणं असं की अशा इंजिनावर इतका वेळ घालवण्यापेक्षा ते काढून टाका. ईएमडी या अमेरिकी कंपनीच्या आराखड्यावरची दोन-स्ट्रोकची नवी इंजिनं आहेत, चार हजारांवर अश्वशक्ती, शेडात यायची गरज कमी. त्यांच्या बोलण्यात तथ्य होतंच. पण बदली इंजिन मिळेपर्यंत पॅसेंजर बंद ठेवता येत नव्हती. आणि नवं इंजिनही पाण्यावरच गार होतं. त्यात बोअरचं पाणी ओतलं तर ते का सोडेल?

केलं काय

केलं ते फार मोठं नाही. पूर्णा आणि मनमाड या दोन्ही टोकांना प्रक्रिया केलेल्या पाण्याचे बॅरल ठेवले, घरच्या शेडातून भरून येणारे. लाइनवर नाइलाजानं साधं पाणी टाकावं लागलं तर लॉगबुकात ‘पाणी टाकले’ एवढंच न लिहिता किती बादल्या आणि कुठलं पाणी हे लिहायचं, आणि लाल शाईनं. तसा शेरा दिसला की शेडानं पाणी पूर्ण काढून नवीन भरायचं. रेडिएटर कापसाच्या हंगामात दर फेरीला धुवायचा. बॅरलसाठी जागा मिळवायला जितका वेळ गेला तितका हेड शोधायला गेला नव्हता, हे नमूद करायला हरकत नाही.

ते इंजिन नंतर त्याच लाइनवर चाललं. पुढच्या उन्हाळ्यातही परतूर–जालना सेक्शनवर त्याची घंटी ऐकू आली नाही, निदान माझ्यापर्यंत तक्रार आली नाही. मनमाडकडून जालन्यापर्यंत विजेच्या तारा आल्या, डिसेंबर २०२३ मध्ये जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुटली, आणि अल्को इंजिनांची सद्दी संपली.

बॅरलची पद्धत बसल्यावर मात्र एक गंमत झाली. लॉबीत कुठलंही इंजिन तापलं की पाण्यावर बोट ठेवलं जाऊ लागलं. २०१६ च्याच दिवाळीनंतर दुसऱ्या एका पॅसेंजरच्या इंजिनाला रोज घंटी वाजायला लागली. लोको पायलटनं लाल शाईनं शेरा लिहिला, शेडानं सगळं पाणी काढून नवीन भरलं, तरी घंटी वाजतच राहिली. मी थर्मामीटर लावून बघितलं तर घंटी वाजली तेव्हा पाणी सत्तरवर होतं. तिसरा थर्मोस्टॅट स्विच बिघडला होता. तो बदलायला अर्धा तास लागला.